द्याल ते, मालक

आबा,

तालुक्याला कर्जासाठी जाऊन आलो त्याला आता तीन महिने होतील. तिथं काय झालं ते मी कुणालाच नीट सांगितलेलं नाही. आईला एक सांगितलं, इथल्या माणसांना दुसरंच सांगितलं. आज वेल्डिंगच्या कांड्या संपल्या म्हणून दुपारपासून काम बंद आहे. खोलीतली बाकीची पोरं पत्ते कुटत बसलीत आणि मी पत्र्याच्या पेटीवर कागद ठेवून तुम्हाला लिहायला घेतलंय. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. चौथीतनं शाळा सोडली ती तुमच्या भात्यावर बसायला, त्यामुळं अक्षर हे असंच आहे.

मी लय लांब आहे. तेलंगणात. कृष्णेवर धरण बांधतायत इथं. आपल्या उंब्रजच्या खालनं जाते तीच नदी, पण इथं ती मला ओळखू आली नव्हती, एवढी रुंद. धरणाला मोठमोठी लोखंडी दारं बसवायची आहेत, त्यांच्या प्लेटी जोडायचं काम मी करतो. तुम्ही गेल्यावर मी कोयनेच्या कामावर बिगारी म्हणून गेलो. तिथं एक मद्रासी मिस्त्री होता, त्याची पोती उचलता उचलता त्याच्याकडनं वेल्डिंग शिकलो. तुम्ही ते बघितलं नाहीत. तुम्ही दोन टोकं भट्टीत पांढरी होईस्तोवर तापवायचा, एकावर एक धरायचा आणि मी घण मारायचा. एका सांध्याला निम्मा दिवस जायचा. इथं भाता नाही, कोळसा नाही. काळी काच डोळ्यापुढं धरायची आणि कांडी टेकवायची, की दोन लोखंडं पाण्यासारखी एकमेकांत जातात. वर जी खपली धरते ती मी अजून तुमच्याच हातोडीनं झाडतो. मी दहा वर्षांचा असताना माझ्या हाताला पेलेल अशी तुम्ही बनवून दिली होती, ती. मिस्त्री हसायचा तिला. पण ती बरोबर बसते.

मला स्वतःचं दुकान काढायचं होतं, आबा. दुसरं काहीच डोक्यात नव्हतं दोन वर्षं. आपल्याकडं आता साखर कारखाने निघालेत, सातारच्या बाजूला आणि सांगलीच्याही. सगळीकडं ऊस. आणि ऊस न्यायला टायरच्या गाड्या. लाकडाचं चाक, त्याच्यावर लाल करून बसवलेली लोखंडी धाव, ते सगळं संपत चाललंय. आता गाडीला जुन्या मोटारीचा आस असतो, रबरी टायर असतात, सांगाडा लोखंडी अँगलचा. हंगामात गाडीवर डोंगराएवढा ऊस भरतात आणि सांधे तुटतात. तुटली की बैल सोडून गाडी रस्त्याच्या कडेला लावायची आणि मिस्त्रीला शोधत फिरायचं. उंब्रजच्या फाट्यावर एक पत्र्याचं शेड, एक वेल्डिंगचा सेट, एवढं असलं की नवीन गाड्याही बांधता येतात आणि तुटक्याही दुरुस्त होतात. फाट्यापर्यंत वीज आलीय. ती कोयनेची. मी तिथं पोती उचलली होती ती ह्याच विजेसाठी, हे मी ज्याला त्याला सांगत सुटलो होतो.

गेल्या वर्षी रजा काढून पहिल्यांदा गावच्या सोसायटीत गेलो. सेक्रेटरी म्हणाला, "सातबारा आन."

"आमाला जमीन कुठली? लोहार न्हवं का आमी."

"मग तू बुडवलंस तर सोसायटीनं काय जप्त करायचं? तुजं हात तोडून न्यायचं व्हय रं?"

ओट्यावर बसलेले सगळे हसले. मीही हसलो. हसू आलं म्हणून नाही, हसलं नाही तर माणूस तिथं जास्तच उघडा पडतो म्हणून. घरी येताना मनात म्हटलं, आबांना तरी कधी कुणी कर्ज दिलं असतं? मग आठवलं, तुम्हाला ते लागलंच नव्हतं. तुमच्या धंद्यात पैसा नव्हताच. वर्षभर पाटलांची चाकं, विळे, खुरपी, मोटेची कडी करायची आणि शाळू निघाला की खळ्यावर जाऊन उभं राहायचं.

त्यातलं एक वर्ष माझ्या डोळ्यापुढनं जात नाही. मी चौदाचा असेन. मळणी उरकलीय, रास मधोमध आहे, आणि आपण दोघं पोतं घेऊन राशीपासून चार हात लांब उभे आहोत. तुम्ही पायातली पायताणं बांधाजवळच काढून ठेवलीत. कुणबी सूप उचलतो आणि विचारतो, "लोहारा, किती घालू?" तुम्ही हात पुढं बांधून म्हणता, "द्याल ते, मालक." दरवर्षी हेच बोलणं, दोन्हीकडनं पाठ झालेलं. त्या साली त्यानं हात आखडता घेतला आणि मी मधेच बोललो, "गेल्या साली दोन सुपं जास्त हुती." त्यानं सूप खाली ठेवलं. तुम्ही मला तिथंच त्याच्या पाया पडायला लावलंत. ओढ्यापाशी आल्यावर पोतं खाली ठेवलंत आणि म्हणालात, "तोंडानं मागतो त्यो भिकारी. आपुन हक्काचं न्यायाला जातो. आपुन उबं ऱ्हायलो की त्येला कळतं." तुम्ही मारलं नाहीत. मारलं असतं तर मी कधीच विसरून गेलो असतो.

सोसायटीचं फिसकटलं, पण पुढच्या रजेत हवालदारांनी नवीन वाट काढली. सुट्टीवर आले तरी दाढीलाही बसायला वेळ नाही म्हणून तुम्ही ज्यांना चिडवायचा ते वरच्या आळीचे हवालदार. फौजेतनं सुटून आलेत, मळ्यात ऊस लावलाय. त्यांनी सांगितलं, तालुक्याला गावकारागिरांसाठी कर्ज निघालंय, जमीनवाले दोन जामीन लागतात. "एक मी, एक माजा थोरला भाऊ. तू निस्तं कागद गोळा कर." मला विश्वासच बसेना. मी म्हटलं, "आवं, माज्यासाठी तुमी जमीन अडकवताय?" तर म्हणाले, "तुज्यासाठी कशाला रं? माजी गाडी गेल्या हंगामात तीनदा मोडली. दुकान झालं तर माजीच सोय हाय की."

वेल्डिंगच्या सेटचा दर आणायला सांगलीला गेलो. दुकानदारानं आधी माझ्या कपड्याकडं बघितलं आणि भंगारातले दोन तुकडे पुढं टाकले. "जोडून दाखव." मी जोडले. त्यानं तो सांधा दगडावर तीन वेळा आपटला, निघाला नाही. मग चहा सांगितला. "हात चांगला हाय तुजा," म्हणाला, "पर निम्मं रोख, निम्मं सा म्हैन्यांनी. ह्यापरीस जास्त सवलत मी सख्ख्या भावाला देत न्हाई." शिक्का मारून कागद दिला. सेट, तारा, शेडचे पत्रे, विजेची अनामत, सगळं धरून चार हजार होत होतं. दोन हजारांत ओढाताण करून सुरुवात झाली असती. त्याच्या खाली काहीच होत नव्हतं. परतीच्या गाडीत मी तो आकडा घोकत आलो.

हवालदारांनी तर कवायतच घेतली. "साहेबानं इचारलं की एका दमात सांगायचं. 'चार हजार, साहेब.' म्हन बगू."

"चार हजार, साहेब."

"आरं, तंबाकू मागतोयस का काय? मोट्यांदा!"

मी असा ओरडलो की त्यांच्या सपरावरचा कावळा उडाला. त्यांची बायको आतनं म्हणाली, "पोराला सोडा आता, घसा बसंल त्याचा." आम्ही तिघंही हसलो. तो दिवस चांगला होता, आबा. मला वाटतं तेवढाच.

मग तालुक्याला गेलो. पंचायत समितीच्या कचेरीच्या व्हरांड्यात बाकड्यावर मी आणि हवालदार बसलोय. माझ्या आधी पाटणकडचा एक शिंपी आत गेला. आतनं आधी त्याचा आवाज, मग सभापतींचा, मग दोघांचाही. बाहेर आला तेव्हा घामानं निथळत होता. "दोन मशिनी मागितल्या हुत्या, एक घे म्हनत हुते," तो म्हणाला. "भांडलो. दिल्या दोन." हवालदारांनी मला कोपरानं ढोसलं. "बगितलंस?"

माझं नाव पुकारलं. दारात मी चपला काढल्या. शिंप्यानं काढल्या नव्हत्या, मी बघितलं होतं, तरी माझ्या पायांनी काढल्या. आत टेबलामागं चारजण होते. मधे सभापती, धोतर, टोपी, उन्हानं रापलेला चेहरा, ऊसवाला माणूस. बाजूला कारकून. सभापतींनी अर्जावरचं गाव वाचलं आणि वर बघितलं.

"फाट्याजवळच्या त्या लोहाराचा तू व्हय रं?"

"व्हय, मालक."

मला 'साहेब' म्हणायचं होतं.

"काय हात हुता त्याचा," ते बाकीच्यांना म्हणाले. "आमच्या गाडीला धाव बसवली हुती त्यानं. चौदा वर्सं हालली न्हाई, बगा. लाकूड झिजलं, धाव तशीच." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "लय गुनी मानूस. कवा तोंड वर करून बोलला न्हाई."

आबा, त्या खोलीत तुमचं नाव निघालं, चार माणसांनी माना हलवल्या, आणि माझी छाती भरून आली. कुणी वाकडं बोललं असतं तर मी तयार होतो. सेक्रेटरीसारखं हसलं असतं कुणी, तर मी चार हजार असे आदळले असते टेबलावर की शाईची दौत लवंडली असती. पण ते प्रेमानं बोलले. अर्ज बाजूला सारला. त्यात आकडा लिहिलेला होता, शिक्क्याचा कागद टाचलेला होता. "ऱ्हाऊ दे कागुद," ते म्हणाले. "तू सांग. किती घालू?"

माझे हात कधी पुढं बांधले गेले ते मला कळलं नाही. आणि मी म्हणालो, "द्याल ते, मालक."

सभापतींचा चेहरा एकदम निवळला. "बगा," ते कारकुनाला म्हणाले, "ह्याला वळन म्हंत्यात. न्हाईतर मगाचा त्यो शिंपी. लिवा, सातशे. आन वर पन्नास घाला ह्याच्या बाच्या नावानं." कारकुनानं लिहिलं. मी "उपकार झालं" म्हणालो, वाकून नमस्कार केला आणि बाहेर येऊन चपला घातल्या.

हवालदार उठून उभे राहिले. "किती?"

"साडेसातशे."

"आरं, आन चार हजाराचं काय झालं?"

"त्यांनी इचारलं, किती घालू."

"मग?"

"द्याल ते म्हनलं."

त्यांनी टोपी काढली आणि बाकड्यावर बसले. "गाढवा," म्हणाले, "खळ्यावर आला हुतास व्हय रं तू?" मग स्वतः आत गेले. कारकून त्यांना म्हणाला, ठराव लिहून झाला, आजच्या बैठकीतली रक्कम वाटून संपली. हे उचललं तर फिटेपर्यंत दुसरं मिळणार नाही. हवालदार बाहेर येऊन म्हणाले, "अजून सभापती बसल्यात. तू सोता जा. म्हनावं, चुकून बोललो." मी दारापर्यंत गेलो. खरंच गेलो, आबा. आत सभापती पुढच्या माणसाशी बोलत होते, त्यांनी मला बघितलं आणि हसले. एवढं प्रेमानं हसले की मी तिथनंच मागं फिरलो.

इथं काम करताना मी ह्याचा लय विचार केला. काचेमागं दुसरं करायला काही नसतं. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. तुमच्या वेळी ते चालत होतं. कुणब्यानं हात आखडला तरी पेरणीच्या तोंडावर त्याचा कुळव तुमच्याच दारात यायचा होता. त्याला ते ठाऊक होतं आणि तुम्हालाही, म्हणून तुम्ही गप्प उभे राहू शकत होता. सभापतींना माझ्या दारात यायचं नव्हतं. त्यांनी आपल्या मनानं भरपूर घातलं, वर पन्नासही घातले, आणि मोकळे झाले. त्यांच्यावरही मला राग धरता येत नाही. राग धरायला कुणीतरी पाहिजे होतं, ते नाही म्हणून जास्त त्रास होतो.

आईला भेटायला शिराळ्याला गेलो. ती आता मामाकडंच असते. मी तिला म्हटलं, "नामंजूर झालं." तिनं काही नवल केलं नाही. चुलीपुढं भाकरी थापत होती, थापतच राहिली. म्हणाली, "मग ऱ्हायलं. तुज्या बाची ऐरन हाय की मामाच्या गोठ्यात. भात्याचं कातडं तेवडं नवं लागंल. बस हितंच. इळं-खुरपी तर लागत्यातच की लोकास्नी."

"त्येच्यावर भागतंय व्हय, आई?"

"आमचं भागलंच की."

तिनं ते सहज म्हटलं आणि माझ्यापुढं ताट सारलं. तिच्यामागं भिंतीला टेकून मी जेवलो. रजा संपली म्हणून दुसऱ्या दिवशी निघालो. इकडं येऊन पोरांना सांगितलं, तिकडं वशिला लागतो, आपलं काम नाही. पोरं म्हणाली, सगळीकडं असंच. बरं वाटलं त्यांना.

मागच्या महिन्यात हवालदारांचं कार्ड आलं. त्यांनी लिहिलंय, रक्कम महिनाअखेर उचलली नाही तर परत जाईल, दोघं जामीन सही करायला तयार आहेत, ताबडतोब ये. खाली बारीक अक्षरात आणखी एक गोष्ट. फाट्यावर इस्लामपूरकडच्या एकानं शेड टाकलंय, टायरच्या गाड्या बांधतो. पैसा आहे, पण चांगला वेल्डर नाही. माझ्याबद्दल विचारत होता, रोजावर येईल का म्हणून. कार्ड मी चार वेळा वाचलं. उत्तर दिलं नाही. महिनाअखेर होऊन गेली. इथलं काम अजून दोन-तीन वर्षं चालेल, मग ही दारं बसतील आणि आम्हाला दुसरीकडं जावं लागेल. कुठं, ते कुणालाच माहीत नाही. मी आता तो आकडा घोकत नाही.

तुम्ही असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. तुम्हाला वाचता येत नव्हतं. पोस्टमन भात्याजवळ उकिडवा बसून सगळ्यांसमोर पत्र वाचून दाखवायचा, आणि पुढचं त्याच्या तोंडून तुमच्या कानावर जावं असं मला वाटत नाही.

कर्ज नामंजूर झालं नव्हतं. मंजूर झालं होतं, मीच उचललं नाही. हवालदारांना वाटतं, मी रुसलो. तसं नाही, आबा. साडेसातशेत ऐरण, भाता, कोळसा, सगळं नीट बसत होतं, आई म्हणत होती तसं. तेवढ्यात तुमचं दुकान होत होतं. मला तुमच्यासारखं जगायचं नव्हतं.